रक्तपेढीच्या गाडीला आरती

रक्तपेढीची गाडी तिसऱ्यांदा रिकामी परत आली, तर खटकचिंचोळीचे नाव फिरत्या शिबिरांच्या वेळापत्रकातून काढावे लागेल, असे डॉक्टर गुरुपादय्यांनी बिदरहून फोनवर अत्यंत सौम्य आवाजात सांगितले. सिद्धरामला सौम्य आवाजाचीच सर्वांत जास्त भीती वाटे. ओरडणाऱ्या माणसाचा राग ओसरण्याची वाट पाहता येते. सौम्य माणसाने मात्र निर्णय आधीच घेतलेला असतो.

'जीवनरेखा रक्तदाते मंडळ' ही संस्था कागदोपत्री सात जणांची होती. प्रत्यक्षात ती म्हणजे बसस्टँडजवळ मोबाइल रिचार्जच्या टपरीत बसणारा, सत्ताविशीतला, गिऱ्हाइकाशीदेखील त्याच्या खिशाकडे पाहून बोलणारा सिद्धराम एकटा. संगणकावर मात्र मंडळाचा दबदबा होता. फेसबुकवर गावाबाहेर गेलेली सगळी पोरे मंडळाची सभासद होती आणि प्रत्येकाने आपला रक्तगट अभिमानाने कळवला होता. अडचण एवढीच, की गावातले ओ निगेटिव्ह चाकणच्या कारखान्यात यंत्र चालवत होते, बी पॉझिटिव्ह भिवंडीत होते, आणि दुर्मिळातले दुर्मिळ एबी निगेटिव्ह दुबईत क्रेनवर बसले होते. गावात उरलेल्या रक्ताचा गट कोणालाच ठाऊक नव्हता, आणि ते रक्त कोणाला दाखवण्याची गावाची इच्छाही नव्हती.

सिद्धरामच्या बहिणीला, श्रीदेवीला, आदल्या वर्षी भालकीच्या दवाखान्यात बाळंतपणात रक्त लागले होते. त्याने फेसबुकवर लिहिले. पुण्याहून, मुंबईहून, दुबईहून 'काळजी घे' असे निरोप आले, आणि ते मनापासून आले होते. रक्त दिले ते कांद्याचा टेम्पो घेऊन आलेल्या एका अनोळखी चालकाने, आणि बाही खाली करून, नावही न सांगता तो निघून गेला. बहीण वाचली, भाचा झाला. पण तो टेम्पो त्या दिवशी दुसऱ्या रस्त्याने गेला असता तर, हा प्रश्न सिद्धरामच्या मनात रोज संध्याकाळी येऊन बसू लागला. गाडी गावात येत राहिली पाहिजे, यापलीकडे त्याला आयुष्याकडून सध्या काहीही नको होते.

पहिल्या शिबिराला त्याने सगळ्यांना एसएमएस पाठवले होते. एक म्हातारे गृहस्थ आले, रक्तदाब मोजून घेतला, चहा प्याले आणि डॉक्टरांना आशीर्वाद देऊन गेले. दुसऱ्या वेळी रिक्षाला कर्णा बांधून गावभर पुकारा केला. या वेळी माणसे बरीच जमली. पण गाडीचे दार उघडून आतली पिशवी आणि नळी दिसताच एकेकाला शेतात पाणी सोडल्याचे आठवू लागले. तासाभरात खटकचिंचोळीचे सगळे शिवार ओले झाले असावे, इतकी माणसे पाणी बघायला गेली.

म्हणून मग सिद्धराम गुलबर्ग्याला, संस्थाचालकांच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला गेला. तिथे एका बाईंनी पडद्यावर चित्रे दाखवत लोकांना संस्थेशी कायमचे जोडण्याचे शास्त्र सांगितले. आधी नाते जोडा, मागणे नंतर. पुढच्याच्या उंबऱ्यापर्यंत स्वतः जा. ऑनलाइन लिहिताना सगळे सांगून टाकू नका, उत्सुकता ठेवा. आणि ज्या दिवशी लोक न मागता आपापल्या घरून वस्तू आणू लागतील, त्या दिवशी संस्था लोकांची झाली असे समजा. सिद्धराम शेवटच्या रांगेत बसून हे ऐकत होता आणि त्याचे डोळे भरून येत होते. परतीच्या बसमध्ये खिडकीबाहेर तुरीची शेते मागे पळत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला आपणही कोणाच्या तरी उंबऱ्यावर जाऊ शकू असे वाटत होते.

गावात उतरताच त्याने शेजारच्या राजूबाईला हे शास्त्र समजावले. राजूबाईने ते भाकरी थापता थापता ऐकून घेतले आणि दोन वाक्यांत निकालात काढले.

"फोनवर बोलीवल्यालं निमंतरण कोण धरतंय बाबा? घरोघर जाऊन, कपाळाला कुंकू लावून, हातावर अक्षता ठिवून सांगावं लागतंय, मग माणूस घराबाहेर पडतंय."

सिद्धराम हरखला. बाईंनी पडद्यावर जे सांगितले, तेच राजूबाई चुलीसमोर सांगत होती. तिने एक पथ्यही घातले. हातात अक्षता असताना 'रगत' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. शुभाच्या तांदळावर तसले नाव घेऊ नये. नुसते कार्य आहे म्हणायचे, आशीर्वाद द्यायला या म्हणायचे. आता, या पट्ट्यात हातावर अक्षता पडली म्हणजे लग्न, हे पाळण्यातल्या लेकरालाही ठाऊक असते. सिद्धरामलाही ठाऊक होते. पण ज्याला आपले लग्न होण्याची काडीची आशा नाही, त्याला ते आपल्याबद्दल लागू होईल असे सुचावे तरी कसे?

त्याची आई, अंबुबाई, श्रीदेवीच्या लेकराला सांभाळायला कडगंचीला गेली होती. जावई तिथे नव्या विद्यापीठाच्या बांधकामावर होता. त्यामुळे घरात विचारायला कोणी नव्हते. सिद्धरामने तांदूळ कुंकवात घोळले, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला आणि तो निघाला.

ते दिवस त्याला पुढेही स्वप्नासारखे आठवत राहिले. जन्म या गावात गेला, पण ही घरे त्याने बाहेरूनच पाहिली होती. आता प्रत्येक उंबऱ्यावर त्याला पाट मिळत होता, गुळाचा खडा आणि पाणी मिळत होते. तो मान खाली घालून, कानाच्या पाळ्या लाल करून म्हणे, "रविवारी कार्य आहे. समाजमंदिरात. आशीर्वाद द्यायला यावं." बाया एकमेकींकडे पाहून हसत. एकीने विचारले, कुठून यायलेत म्हणे. त्याने गाडीचा विचार करून बिदर असे सांगितले. दुसरीने, मोठी माणसे आहेत का असे विचारले; त्याने डॉक्टर आहेत असे सांगितले. यावर त्या माउलीने त्याच्या डोक्यावरून हात फिरवून बोटे कडाकडा मोडली. लोकांना वैद्यकीय क्षेत्राविषयी इतका जिव्हाळा आहे हे सिद्धरामला नवीन होते.

फेसबुकवर त्याने, उत्सुकता ठेवण्याच्या शास्त्राला अनुसरून, एवढेच लिहिले: 'येत्या रविवारी माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस. सगळे या.' पूर्वी त्याच्या मजकुराखाली चार अंगठे उमटत. या वेळी चाकणहून भीमाशंकरने, शाळेतल्या त्याच्या बाकावरच्या सोबत्याने, 'छुपा रुस्तम' असे लिहिले, आणि त्याखाली अभिनंदनांची रांग लागली. सिद्धराम टपरीत एकटाच उठून उभा राहिला आणि पुन्हा बसला.

राजूबाईला खरे कारण ठाऊक होते. तिने पहिले दोन दिवस बायांना ते सांगूनही पाहिले. पण सगळे गाव एक बोलत असताना आपल्याला एकटीलाच वेगळे ठाऊक असणे ही शेजारधर्मातली मोठी नामुष्की असते. तिसऱ्या दिवशी तिची खात्री पटली, की पोराने लाजून आपल्याला शिबिराचे निमित्त सांगितले. आणि चौथ्या दिवसापासून, मला तर आधीच कळले होते, असे तीच सांगू लागली.

शनिवारी सकाळी समाजमंदिरासमोर मांडव पडत होता. सिद्धरामने तो सांगितला नव्हता. मांडववाल्याने, शिवशंकरप्पांनी सांगितले, एवढेच म्हटले. शिवशंकरप्पा हे स्वेच्छानिवृत्त तलाठी. गावात त्यांच्या सल्ल्याशिवाय विहीर खोदता येत नसे आणि खोदली तर तिला पाणी लागत नसे. बिनबापाच्या पोराचे कार्य आहे, गावाने उभे राहिले पाहिजे, असे त्यांनी परस्पर ठरवले होते, आणि हुग्गीच्या खिरीसाठी आपल्या घरचे गहू आणि गूळही काढून दिला होता. दुपारी ज्ञानोबा आपला माइक आणि भोंगे घेऊन हजर झाला. गावातल्या प्रत्येक लग्नात आहेर पुकारण्याचा मान ज्ञानोबाचा होता. त्याला बोलावण्याची पद्धत नव्हती. संध्याकाळी हलगीवाले जागा पाहून गेले. न मागता लोक वस्तू आणू लागले होते. सिद्धराम मांडवाच्या खांबाला टेकून हे पाहत राहिला. शास्त्र खरे ठरत होते, आणि तेही इतक्या झपाट्याने की गुलबर्ग्याच्या बाईंना फोन करून सांगावे असे त्याला वाटले. त्या रात्री तो जेवला नाही. आनंदाने त्याची भूक कायमच मरत असे.

रविवारी सकाळी पुण्याची जीप आली. तिच्यातून भीमाशंकर आणि चाकणची सारी ओ निगेटिव्ह मंडळी उतरली. सभेला, शिबिराला, वर्धापनदिनाला यांनी कधी रजा काढली नव्हती.

"तुम्ही खरंच आलात," तो म्हणाला.

"न्हाई यिऊन कसं चालंल?" भीमाशंकर त्याला मिठी मारत म्हणाला. "सायबाला सांगितलं, नोकरी गेली तरी चालंल, पण ह्याला जायलाच पायजे." आणि त्याने त्याच्या खिशात अत्तराची बाटली घातली. रक्तदानाला अत्तर कशाला, हे सिद्धरामने विचारले नाही. कोणी प्रेमाने दिलेल्या गोष्टीची चौकशी करू नये असा त्याचा स्वभाव होता, आणि त्या स्वभावानेच त्याला या दिवसापर्यंत आणून सोडले होते.

तेवढ्यात भालकीच्या रस्त्याला गाडी दिसली. हलगी कडाडली. वऱ्हाड आलं, वऱ्हाड आलं म्हणत पोरे धावली. डॉक्टर गुरुपादय्या या खेपेला वेळ घालवायला जाड कादंबरी घेऊन आले होते. ती बगलेत धरून ते खाली उतरतात तोच बायांनी त्यांच्या पायावर पाणी घातले, डोळ्यांना ओले बोट लावले आणि आरती ओवाळली. पन्नाशीच्या त्या शांत माणसाने आपल्या नोकरीत पुष्कळ गावे पाहिली होती. पण रक्तपेढीच्या गाडीचे असे स्वागत त्यांनी स्वप्नातही पाहिले नव्हते. कोणी तरी गाडीच्या पुढच्या काचेलाही कुंकू लावले.

"सिद्धराम," ते भरल्या आवाजात म्हणाले, "मी तुमच्याविषयी गैरसमज करून घेतला होता."

सिद्धरामच्या आयुष्यातले ते सर्वांत सुखाचे क्षण होते, आणि ते डॉक्टरांच्या मागून पांढरा कोट घातलेला परिचारक पिशव्या नि नळ्या घेऊन उतरेपर्यंत टिकले. बायांनी गाडीत डोकावून पाहिले. आत दोन खाटा होत्या. हलगी आधी मंद झाली आणि मग थांबली.

शिवशंकरप्पा पुढे आले. त्यांनी रेशमी काठाचे धोतर नेसले होते.

"पोरगी कुठाय?"

"कुठली पोरगी, अप्पा?"

"आरं, नवरी."

सिद्धरामने आधी त्यांच्याकडे पाहिले, मग मांडवाकडे, मग हातात भांडी, लुगडी, टॉवेल-टोप्या घेऊन उभ्या असलेल्या गावाकडे. गेल्या आठवड्यातले सगळे हसू, सगळे गुळाचे खडे, सगळी अभिनंदने एकेक करून त्याच्या मनात उलटी झाली. अत्तराचा वास त्याला असह्य होऊ लागला. हे रक्तदानाचे शिबिर आहे, असे तो म्हणाला; पण इतक्या हळू, की ते फक्त शिवशंकरप्पांना ऐकू गेले आणि त्यांनी ते सगळ्यांना मोठ्याने सांगितले.

मग जो गलका झाला त्याचे वर्णन न केलेले बरे. कोणी म्हणाले, अक्षतेची चेष्टा केली. कोणी म्हणाले, पोराला कोणी तरी फसवले. भीमाशंकरने, आपण कंपनीत मित्राचे लग्न म्हणून अर्ज दिलाय, आता फोटो कुठला दाखवू, असे विचारले. राजूबाई म्हणाली, मला तर आधीच कळले होते. आणि शिवशंकरप्पांची नजर टेबलावर, दात्यांसाठी सिद्धरामने स्वतः करवून आणलेल्या पातेल्यावर गेली, तसा त्यांचा संयम सुटला.

"आन् लग्नात उप्पीट केलास व्हय?"

लग्न नाही हे एव्हाना त्यांना कळले होते. पण उप्पिटाचा अपमान वेगळा होता. त्यांनी उपरणे खांद्यावर टाकले आणि ते वळले. त्यांच्यामागे गाव वळू लागले. डॉक्टरांनी बगलेतली कादंबरी हातात घेतली. सिद्धरामला कळले की निर्णय झाला आहे.

नेमक्या त्याच वेळी भालकीची बस येऊन थांबली आणि अंबुबाई खाली उतरली. बोचके डोक्यावर होते आणि तोंड लाल झाले होते. तिच्या मुलाचे आज लग्न असल्याचे तिला भालकीच्या स्टँडवर एका भाजीवालीने सांगितले होते. ती गर्दीतून वाट काढत आली आणि तिने सगळ्यांदेखत मुलाचा कान धरला.

"आईला बी सांगू वाटलं न्हाई तुला? कोण हाय ती? दाखीव."

"माय, कोणीच न्हाई," सिद्धराम म्हणाला, आणि त्याने सगळे सांगितले. ऐकता ऐकता तिचा हात त्याच्या कानावरून सुटला. भालकीपासून इथवरच्या वाटेत तिने रुसून घेतले होते, रडून घेतले होते, आणि शेवटी त्या न पाहिलेल्या सुनेला मनातल्या मनात घरात घेऊन तिला चूलही दाखवली होती. आता त्या सुनेला परत पाठवायला तिला थोडा वेळ लागला. ती मांडवाच्या कडेला टेकली. मग तिने निघालेल्या गावाकडे पाहिले.

"शिवशंकरअप्पा, आहेर हातात धरून मांडवातून माघारी चाललाव व्हय?" ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण अप्पा थांबले. "ही रीत कवापासून सुरू झाली गावात?"

"अगं, कार्यच न्हाई तर आहेर कुणाला देऊ?"

"माझ्या श्रीदेवीला एका माणसानं रगत दिलं," अंबुबाई म्हणाली. "त्याचं गाव मला ठावं न्हाई, नाव ठावं न्हाई. त्याच्या घरात लगीन निघालं तर मला कळायचं न्हाई. त्याचा आहेर मी कुठल्या दारात नेऊन फेडू? वरीस झालं, मी एवढंच धरून बसलेय." ती उठली आणि चोळीची बाही वर सरकवत गाडीच्या पायरीकडे निघाली. "डॉक्टरसाब, मी फेडायला आलेय. टोचा."

ती आत गेली. बाहेर कोणी हलेना. दार उघडेच होते. नळीतून पिशवी भरताना सगळ्यांना दिसत होती. ज्ञानोबाच्या हातात माइक होता, समोर मांडव होता, आणि कोणी तरी काही तरी दिल्याचे त्याच्या डोळ्यांना दिसत होते. वीस वर्षांच्या सवयीपुढे त्याचे काही चालले नाही.

"अंबुबाई यांच्याकडून," भोंगे गरजले, "एक पिशवी रगत."

आधी पोरे हसली, मग बाया हसल्या. हसली नाही ती शिवशंकरप्पांची मुद्रा. गावात कुठल्याही मांडवात पहिल्या पाच नावांत त्यांचे नाव पुकारले गेले नाही असे कधी झाले नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर सुईची भीती आणि माइकची ओढ यांचे युद्ध सर्वांना स्पष्ट दिसत होते. साठी उलटायला अजून वर्ष आहे, असे ते कोणीही न विचारता मोठ्याने म्हणाले आणि गाडीत शिरले. बाहेर येताना त्यांनी ज्ञानोबाला, पूर्ण नाव घे, असे बजावले.

मग भाऊबंदकीचे जे व्हायचे ते झाले. एका घरचे नाव पुकारले की दुसऱ्या घरचा माणूस उठे. एकाने, माझी पिशवी मोठी भरा, असा हट्ट धरला. चाकणच्या ओ निगेटिव्हने रजेचे सार्थक केले आणि फोटोही काढून घेतले. मधूनच शिवशंकरप्पांनी हुग्गीच्या पंगती बसवल्या. पोट भरल्याशिवाय कोणी पायरी चढायची नाही, हा डॉक्टरांचा नियम आता तेच सर्वांना रागावून सांगत होते. दुपार टळेपर्यंत परिचारक बसून जेवला नाही, आणि कादंबरी कोणाच्या तरी लेकराच्या डोक्याखाली उशीला गेली.

रक्त घेतले नाही ते एकट्याचे. सिद्धराम खाटेवर आडवा झाला, डॉक्टरांनी त्याची नाडी पाहिली, रात्रीपासून उपाशी असल्याचे काढून घेतले आणि त्याला सौम्यपणे उठवले. तुमचे आज नको, ते म्हणाले. गावाने आहेर केला होता आणि ज्याच्या नावाने केला त्याच्याकडून काहीच गेले नव्हते. सिद्धरामच्या मनाला ही गोष्ट जेमतेम लागली. गावाने ती नीट ध्यानात ठेवली.

महिनाभराने राजूबाईच्या नातवाचे बारसे होते. सिद्धराम स्टीलचा डबा घेऊन गेला. आता उंबऱ्यावर त्याचे पाय अडखळत नसत. राजूबाईने डबा पाहिला आणि तो हातात घेतला नाही.

"हे कामून आणलास?"

"आहेर, मावशी."

"माझ्या दोन्ही लेकांनी तुझ्या मांडवात रगत दिलं. भोंग्यावर सांगितल्यालं साऱ्यांनी ऐकलंय. आन् तू माझ्या दारात डबा घिऊन आलास व्हय?" पाळण्याभोवतीच्या बायांनी माना डोलावल्या. ओसरीवर बसलेल्या शिवशंकरप्पांनी, रीत म्हणून एक गोष्ट असते, एवढेच हवेला उद्देशून म्हटले, आणि आपल्या नव्या घराची वास्तुशांत पुढच्या महिन्यात आहे याची आठवण दिली. मागून कोणी जावळाची, कोणी साखरपुड्याची तारीख सांगितली. जे ज्याने दिले, तेच त्याला परत पाहिजे होते.

"पण मावशी, त्याला गाडी लागती," सिद्धराम म्हणाला.

"मग बोलीव की गाडी."

सगळ्यांच्या समोर त्याने फोन लावला. डॉक्टरांनी आधी दाते किती असे विचारले. सध्या मी एकटा, असे सिद्धराम म्हणाला. मग तो बारशाचे, जावळाचे, वास्तुशांतीचे समजावू लागला, तसा त्याचा आवाज बारीक होत गेला. एका माणसासाठी गाडी निघत नसते, आणि एका माणसाला तीन महिन्यांतून एकदाच रक्त देता येते, असे डॉक्टर म्हणत होते. राजूबाईने फोन त्याच्या हातातून काढून घेतला.

"डॉक्टरसाब, ह्यानं समद्या गावाचा आहेर घेतलाय. ह्याचा फिटंपर्यंत तुमाला यावंच लागंल. आन् ह्यो फेडायला लागला की ज्याच्या दारात फेडंल, त्यो बी बसून ऱ्हानार न्हाई, त्यो पुन्ना करंल."

पलीकडे वेळापत्रकाची पाने उलटल्याचा आवाज आला.

"असं किती वर्षं चालेल, बाई?" डॉक्टरांनी विचारले.

राजूबाईने सिद्धरामला खाली-वर न्याहाळले. त्याच्या काटकुळ्या दंडावर तिची नजर थांबली.

"बारीक हाय पोरगं," ती म्हणाली. "लई वर्सं लागतील."